चौदा नंबरचा बिल्ला

जबाब देणारीचे नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे. वय २३ वर्षे. शिक्षण पदवीपर्यंत, घरात पहिलीच. व्यवसाय: भूमापन कार्यालयात लिपिक म्हणून निवड झाली आहे, पण आदेश यायचा आहे, म्हणून 'नोकरी' असे लिहू नये ही विनंती. दर रविवारी स्कूबा क्लबची हजेरी ठेवते.

मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत पाणी साठले आहे व तिथे आमचा क्लब बुडी मारण्याचा सराव करतो. मी पाण्यात उतरत नाही. मला पोहता येत नाही, हे क्लबला माहीत आहे. पाण्यात जाणारा प्रत्येक जण आपल्या नंबरचा पितळी बिल्ला पेटीतून घेऊन फळीवरच्या खिळ्याला अडकवतो व वर आल्यावर स्वतः काढतो. दुसऱ्याचा बिल्ला कोणी काढायचा नाही. फळी आणि बिल्ले खाणीचेच आहेत. खाण चालू होती तेव्हा माझे वडील तिथे सुरुंग लावत. फळी रिकामी झाल्याशिवाय ते वात पेटवत नसत. पेटीत दहानंतर एकदम बारा नंबर येतो. त्याचे कारण पुढे सांगते.

आज सकाळी ९.५० वाजता सहा जण उतरले. माझे घड्याळ एक मिनिट पुढे आहे, तरी ९.४९ धरावे. ठरलेली वेळ तीस मिनिटे होती. दातांचे डॉक्टर (बिल्ला १४) व त्यांची पत्नी (बिल्ला १५) अशी एक जोडी होती. जोडीने एकमेकांना सोडायचे नसते. १०.१२ ला डॉक्टरीणबाई एकट्याच वर आल्या. त्यांचे म्हणणे असे की, डॉक्टरांनी तळाचा गाळ ढवळून सगळे गढूळ केले, म्हणून त्यांनी पाण्याखाली लिहायच्या पाटीवर 'घरीही असंच करता' असे लिहून दाखवले. डॉक्टरांनी ते वाचले, पाटी परत दिली आणि पाठ फिरवून निघून गेले. रुसून जायची त्यांना सवयच आहे, एकदा भाच्याच्या लग्नातून ते एकटेच बसने घरी आले होते, असेही बाईंनी सांगितले.

१०.२० पर्यंत बाकीचे चौघे वर आले. फळीवर चौदा नंबर राहिला. आमचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे कासव सर म्हणतात (यात अपमान नाही), म्हणाले की पाण्यावर बुडबुडे दिसत नाहीत, म्हणजे डॉक्टर पलीकडच्या काठाने बाहेर पडले असणार. मी म्हटले, बुडबुडे नसण्याचे आणखी एक कारण असू शकते. त्यानंतर कोणी हसले नाही. सरांनी दुसरी टाकी पाठीला लावली, बिल्ला अडकवला आणि पुन्हा बुडी मारली. तेव्हा एक सभासद मला म्हणाले, "काढून टाक गं तो चौदा. गेले असतील घरी."

मी काढला नाही. १०.२४ ला आधी अग्निशमन दलाला व मग ठाण्याला फोन केला.

वडिलांच्या वेळी एकदा मुकादमाने 'गेला असेल घरी' म्हणून अकरा नंबर खिळ्यावरून काढला होता. तो माझ्या काकांचा होता. पुढचा भाग या प्रकरणाशी संबंधित नाही, असे हवालदारसाहेब म्हणाल्यामुळे लिहिलेला नाही. अकरा नंबर आमच्या घरी असतो.

डॉक्टर न सापडताच सर वर आले व त्यांनी आपला बिल्ला काढला. १०.४१ ला अग्निशमन दलाची गाडी आली व जवान गळ घेऊन पाण्यात उतरले. तेव्हापासून डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी डॉक्टरांचा चष्मा हातात धरून उभ्या होत्या. ११.३५ च्या सुमारास हवालदारसाहेबांना डॉक्टर सापडले. ते मोठ्या रस्त्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात रबरी पोशाखातच दाढी करून घेत होते. पायांतले पंखे बाकावर वर्तमानपत्राशेजारी ठेवले होते. न्हावी आपला पेशंट आहे, त्याने ओढूनच खुर्चीत बसवले, नाही म्हणवेना, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

जीपमधून ते आले तेव्हा एका गालाला साबण होता. मी त्यांना बिल्ला काढायला सांगितले.

"अगं, मी समोर उभा आहे ना?"

"दिसताय. बिल्ला काढा."

त्यांनी काढला.  डॉक्टरीणबाईंनी टॉवेलने डॉक्टरांचा गाल पुसला, जरा जोरातच, आणि मग त्यांना चष्मा घातला.

खोटा फोन केल्याची नोंद माझ्या नावावर होईल, असे अग्निशमन दलाचे अधिकारी म्हणाले. नेमणुकीआधी माझ्या वर्तणुकीचा दाखला याच ठाण्यातून जायचा आहे. कासव सरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, फोन चुकून लागला म्हण, विषय संपेल. त्यांचा हेतू चांगला होता. हवालदारसाहेबांनीही तसेच लिहून घेतले. मी तो शब्द खोडायला सांगितला. फोन चुकून लागलेला नाही. मी नंबर पाहून लावला. पुढच्या रविवारी बिल्ला राहिला तर पुन्हा लावीन.

हवालदारसाहेब म्हणाले, "ताई, तुमचा दाखला याच टेबलावर येणार आहे. नीट विचार करा."

माझे वडील दाराजवळच्या बाकावर बसले होते. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. ते म्हणाले, "ती सांगतेय तसंच लिहा, साहेब."

जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी तो दोनदा वाचला व एकदा वडिलांना वाचून दाखवला. 'चुकून' हा शब्द खोडून शेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. फक्त फळी रिकामी झाल्याची वेळ राहिली होती, ती वडिलांनी विचारल्यावरून लिहिली: ११.४७.