चौथे भोक

...आणि वर मलाच म्हणतो, ‘गुरुजी, टिकली काढा!’ मला! लिंबागणेशच्या शाळेत तीस वर्षे ज्याने ‘मोह वाईट’ असे फळ्यावर लिहून मुलांकडून गिरवून घेतले, त्याला हा अजिनाथ काचवाला सांगतो, टिकली काढा! तुम्हाला सांगतो, मोह वाईट हे खरेच. पण ते फळ्यावर. आरशावरची गोष्ट निराळी.

आरसा आमच्या विमलचा. लग्नाच्या वर्षी परळीला घेतला, एस.टी.त माझ्या मांडीवर बसून आला, आणि वाटभर ही शेजारून, ‘अवो, आवळू नका, आरसा हाय त्यो, शाळेतलं पोरगं न्हाई!’ रात्री कपाळाची टिकली काढून ती आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायची आणि सकाळी तीच पुन्हा कपाळावर. मी म्हणायचो, ‘अगं, नवी घे.’ ती म्हणायची, ‘कावून? हिचा डिंक सरला का?’ सहा वर्षांपूर्वी तिला बीडच्या दवाखान्यात नेले. निघताना टिकली आरशाला लावली आणि म्हणाली, ‘आल्यावर लावते.’ आल्यावर... असो. मोह वाईट.

आता आरशाची चौकट वाळवीने खाल्ली. सूनबाई राजनंदिनी म्हणाली, ‘मामा, एक दिस ह्यो लेकराच्या अंगावर पडल. भोकं पाडून भिंतीला स्क्रूनं बसवा, न्हाईतर भंगारात द्या.’ भंगारात! म्हणून अजिनाथला बोलावले. ‘फुटला तर?’ मी विचारले. ‘फुटला तर फुटला, गुरुजी, काच हाय.’ काय ही निष्ठुरता! आणि आल्या आल्या काय मागावे? मळलेली कणीक! मी म्हणालो, ‘अरे, आधी काम, मग जेवण.’ तो हसला. खुणेभोवती त्याने कणकेचे आळे केले, त्यात पाणी ओतले आणि भाल्यासारख्या टोकाचे ड्रिल हलकेच टेकवले. ‘पाणी आटलं की काच तापती, तापली की तडकती. अन् दाबायचं तर बिलकुल न्हाई. काचच म्हणती, ये आत.’ तुम्हाला सांगतो, याचे वडील आसाराम हेच काम हातगिरमिटाने करायचे. एका भोकाला सबंध सकाळ, मधे दोन वेळा चहा, आणि विमल दारात उभी राहून, ‘दादा, दमानं!’ तेव्हा घाई कोणाला होती?

एक भोक पडले. दुसरे. तिसरे. टवका नाही, तडा नाही. आणि चौथी खूण... नेमकी टिकलीवर!

‘जरा अलीकडे घे.’

‘काठाला टवका उडंल.’

‘मग पलीकडे?’

‘स्क्रू वाकडा बसंल. ताण आला की मधोमध तडा.’

‘बरे, टिकलीवरूनच पाड!’

त्याने ड्रिल खाली ठेवले. ‘काकूच्या टिकलीला भोक पाडू? माझा हात धजत न्हाई, गुरुजी. तुमीच काढा.’

मोह वाईट, तुम्हाला सांगतो! मी नख लावले. सहा वर्षांची चिकटलेली वस्तू... एका नखात सुटली. आता ठेवायची कुठे? खिडकीत वारा, टेबलावर काचेचा चिखल, आणि हा ओरडतोय, ‘गुरुजी, दोनी हातांनी आरसा धरा, हलला की गेला!’ मग मी काय करायचे? कपाळाला घाम आलेला होता. तिथे लावली आणि आरसा धरला. किर्र... किर्र... पाणी दुधासारखे झाले, मी डोळे मिटले, गणपतीचे नाव घेतले... आणि पडले हो! चौथेही पडले! आरसा भिंतीवर चढला, अखंड!

तेवढ्यात देवळाची घंटा. आरती आजवर चुकवलेली नाही, तसाच धावलो. वाटेत जो तो माझ्याकडे पाहून हसतोय. मला वाटले, आरशाची बातमी गावभर झाली! छबुबाईने तर पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘लई शोभतंय, गुरुजी!’ मी नमस्कारही केला.

आरती झाली. पुजारी रामहरी गंध लावायला पुढे आला, आणि त्याचे बोट हवेतच थांबले.

‘गुरुजी, हितं तर जागाच न्हाई की!’

हात वर नेला, तेव्हा कळले. सारे देऊळ माझ्याकडे पाहतेय. निवृत्त मुख्याध्यापक, कपाळावर लाल टिकली. काढायला हवी होती. नख लावलेही... आणि खाली घेतले.

म्हटले, ‘रामहरी, गंध जरा वर लाव. हिला हलवू नकोस.’