सुरू झाला की टेबल मोकळं

...आणि टेबल कुणाचं, तर माझं. कटिंगचं. चांगलं लांबरुंद, कापडाचा अख्खा पन्हा पसरला तरी कडेला कात्री ठेवायला जागा उरते असं. आता त्याच्यावर काय आहे? पत्र्याचा एक खोका, एका बाजूनं उघडा, आत वायरींचा गुंता, बाजूला स्क्रू ठेवलेल्या वाट्या, माझ्याच वाट्या हं, आणि दात घासायचा जुना ब्रश, कशाला म्हणाल तर धूळ झाडायला. आणि मी कुठे? मी जमिनीवर. शाळेचे युनिफॉर्म शिवते मी, शाळा उघडायला आल्यात, पॅन्ट्सचा ढीग पडलाय, आणि मी या गुडघ्यांनिशी फरशीवर रांगत रांगत कटिंग करतेय... विचारलं की आमचे हे मान वर न करता काय म्हणतात? 'अगं, सुरू झाला की टेबल मोकळं.' कधी सुरू होणार? तर 'होईल गं.' मागच्या वर्षी शाळा उघडल्या तेव्हाही होणारच होता.

तुम्हाला सांगते, कुठंतरी पाणी मुरतंय.

नाही, मी मुळात संशयी नाही. मला यांनी केलं. वजनमापं खात्यात होते ना, उभा जन्म लोकांचे तराजू तपासण्यात गेला. बाजारातून काही आणलं की घरी पुन्हा तोलायचे. दूधवाल्याचं माप, कापडवाल्याचा गज, कशाकशावर विश्वास नाही. मग झाले निवृत्त, आता तपासायला कोण उरलं? मी. माझ्या मागे स्वयंपाकघरात उभे. 'ही वाटी सपाट घेतलीस की शिगोशीग? डबे उंचीनं का लावत नाहीस? कुकरच्या या शिटीला आधीच्या शिटीपेक्षा उशीर झाला का गं?' अहो, मी वेडी व्हायची राहिले होते. त्यामुळे ज्या दिवशी हे काखोटीला तो मेलेला खोका मारून आले आणि म्हणाले, 'जुन्या भागांतून कॉम्प्युटर जोडणार', त्या दिवशी मीच आपण होऊन टेबल रिकामं करून दिलं. माझ्या हातानं. भोगा आता.

लेकीनं फोनवर सांगितलं, 'आई, अगं मी नवा घेऊन देते ना बाबांना.' यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणे, 'नवा कुणीही आणतं. त्यात काय आहे?' आता नव्यात काय आहे, तर तो चालतो, एवढंच आहे. पण हे बोलायचं कुणी?

बरं, एकटे असते तर एक वेळ चाललं असतं. दर रविवारी दोघे मदतीला. एक ट्रान्झिस्टरभाऊजी. नाव वेगळं आहे हो त्यांचं, पण पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आणि स्वतःही बंद होत नाहीत, म्हणून ट्रान्झिस्टर. जुने भाग कुठून कुठून तेच आणतात, अर्धे तर भंगारातले. दुसरे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. ते कशालाच हात लावत नाहीत, नुसती चित्रं काढतात, कुठली वायर कुठून कुठे, लाल रंगानं, निळ्या रंगानं, सुंदर काढतात, फ्रेम करून लावावीत अशी. तिघं त्या खोक्यात डोकी घालून बसतात आणि मी चहा करते, बिस्किटं देते, पुन्हा चहा करते.

आणि काय व्हायचं माहितेय का? दर रविवारी नवा रोग. एका रविवारी खोका नुसता टूंऽऽ टूंऽऽ रडायचा. ट्रान्झिस्टरभाऊजी डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, 'वहिनी, याला रॅम सापडत नाहीये. म्हणजे याची आठवण गेली आहे.' पुढच्या रविवारी आठवण ठीक, पण पडद्यावर पांढरी अक्षरं, म्हणे हार्ड डिस्क नाही. अरे, आहे ना! समोर दिसतेय मला फरशीवरून. त्याच्या पुढच्या रविवारी तर बटण दाबलं तरी काही नाही, मढ्यासारखा गप्प. आता मला सांगा, एखाद्या माणसाला एकदा पोटदुखी, मग कानदुखी, मग पायदुखी, आणि आधीचं प्रत्येक दुखणं आपोआप बरं, असं झालं तर तुम्ही काय म्हणाल? सोंग म्हणाल. मी तेच म्हटलं. कुठंतरी पाणी मुरतंय.

पहिला संशय ट्रान्झिस्टरभाऊजींवर. चांगले भाग पिशवीतून नेत असतील आणि कुजके लावून जात असतील. मी यांना बोलले तर हे, ज्यांनी जन्मभर जगावर संशय घेतला ते, मला म्हणतात, 'इतकं संशयी असू नये गं माणसानं.' इथेच माझे कान टवकारले. हा माणूस कुणाची बाजू घेतोय? आणि का?

मग एक दिवस भरदुपारी मी शिवलेले कपडे पोचवायला निघाले, जिना उतरले, आणि आठवलं, मापाची टेप राहिली. परत आले. दार हळूच ढकललं, तर आतून गाणं. त्या खोक्यातून! आणि आमचे हे पडद्यासमोर, खुर्चीत मांडी घालून, पत्ते खेळतायत. चालू होता हो, लख्ख चालू होता. मी दाराच्या पडद्याआड उभी. यांनी डाव संपवला, खोका बंद केला, आतून ती रॅमची पट्टी उपटली, रुमालात गुंडाळली आणि ठेवली कुठे, तर चष्म्याच्या घरात. आणि मग खोक्याकडे बघून असा एक सुस्कारा टाकला, जसं काही फार कष्ट झाले.

म्हणजे चोर घरात. पण गंमत पुढेच आहे. आता मी रविवारी डोळ्यांत तेल घालून बसले. हे पाणी प्यायला आत गेले मात्र, मास्तरांची मान चित्रात बघून ट्रान्झिस्टरभाऊजींनी तोंडानं बडबड चालू ठेवून, एका बोटानं, डिस्कची वायर अर्धी बाहेर ओढली. हे परत यायच्या आतच तेही हात धुवायला गेले. मास्तर, जे कशाला हात लावत नाहीत ते मास्तर, देवमाणूस म्हणते मी ज्यांना, त्यांनी बटणाची ती बारीक वायर उचलली आणि भलत्याच काड्यांवर खोचली, आणि पुन्हा साळसूदपणे पेन्सिलीला टोक करायला लागले. तिघंही! आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. प्रत्येकाला वाटतंय बिघाड काय तो आपण केलेलाच, आणि दुसऱ्याचा बिघाड सापडला की प्रत्येक जण खरोखर चकित होतोय. एकाचा दुरुस्त होतो, तोवर दुसऱ्याचा तयार.

माझं डोकं फिरलं. माझे गुडघे गेले कामातून आणि यांचा हा खेळ? म्हटलं, थांबा. पुढच्या रविवारी हे अंघोळीला गेले तशी मी चष्म्याचं घर उघडलं, पट्टी काढली, टॉक करून बसवली. डिस्कची वायर घट्ट केली. बटणाची वायर मास्तरांच्याच चित्रात बघून लावली, लाल जिथे लाल, निळी जिथे निळी. कमीज जोडण्यापेक्षा सोपं आहे हो. आणि मग दिवसभर एकालाही जागचं उठू दिलं नाही. पाणी हवं? मी आणते. हात धुवायचेत? हे घ्या ओलं फडकं. तिघंही नुसते चुळबुळतायत, एकमेकांकडे बघतायत. शेवटी मीच म्हटलं, 'दाबा की बटण.' यांनी जिवावर आल्यासारखं दाबलं.

झाला सुरू. पंखा फिरला, पडदा उजळला, गाणं वाजलं.

कुणी टाळी नाही वाजवली. ट्रान्झिस्टरसुद्धा बंद. हे मान खाली घालून स्क्रू वाटीत भरायला लागले. ट्रान्झिस्टरभाऊजींनी पिशवी घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, 'चला, छान झालं... म्हणजे पुढच्या रविवारी आता काही काम नाही.' त्यांच्या घरी मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत, आणि दिवसभर त्यांच्याशी कुणी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. मास्तरांकडे तर बोलायलाच कुणी नाही. ते आपली चित्रं गोळा करत होते, एकेक, कोपरे जुळवून. आणि हे? हे माझ्याकडे बघत होते. अहो, संशयानं नाही. उद्यापासून मी कुठे उभं राहू, असं विचारत होते. मला कुकरच्या शिट्या आठवल्या. आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. फार वाईट वाटलं. एवढी तोंडं पडलेली मी आमच्या घरी कधी बघितली नव्हती.

टेबल माझं होत होतं. हातभर अंतरावर होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, 'मला बाई याच्या पंख्याचा आवाज बरोबर वाटत नाही.'

कसला आवाज? काही आवाज नव्हता. पण तिघांनी माना अशा वळवल्या... ट्रान्झिस्टरभाऊजींनी कान लावला. 'बरोबर आहे वहिनींचं, घरघर आहे.' मास्तर म्हणाले, 'मला मघापासून वाटत होतं.' आणि आमचे हे, झाकण लावायच्या आतच स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार. 'अख्खा उतरवावा लागेल.' मी चहा टाकायला गेले. टेबलाला मनातल्या मनात हात जोडले.

आता एवढ्यावर भागावं की नाही? काल रविवार. मी कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेली, पॅन्ट्स उरकतेय. ट्रान्झिस्टरभाऊजींनी बशी खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, 'वहिनी, रागावू नका, पण तुमच्या मशीनचा आवाज मला बरोबर वाटत नाही.' मी म्हटलं, उत्तम चाललंय माझं मशीन. मास्तरांनी वहीचं कोरं पान काढलं. यांनी चष्मा लावला. आणि मी काय बोलणार, पंख्याची थाप मारणारी मीच. सरकले बाजूला.

सगळं उतरवलंय. स्क्रू माझ्या उरलेल्या वाट्यांत आहेत. आणि मी जमिनीवर बसून, सुईत दोरा ओवून, पॅन्ट्स हातानं शिवतेय.