दुसऱ्या दिवसाचं रक्त

माहं माहेर देऊळघाट, दिलं मले धाड गावाले, महाराष्ट्र नवा नवा झालता तवाची गोष्ट सांगतो तुमाले. पहिला पोरगा चांगला झाला, दुसरा तिसऱ्या दिवशी हयदीसारखा पिवया पडला अन् गेला. सासू म्हने शेजारनीची नजर लागली, मी बी तेच धरून बसली, तिच्या घरचं पानी पेनं बंद केलं म्यां.

तिसऱ्या खेपेले माहा भाऊ, बुलढाण्याले कचेरीत कारकून होता, तो आयकेच ना, म्हने बायतपन दवाखान्यातच करा. पोरगी झाली. सिस्टरबाईनं तिच्या टाचेले सुई टोचून काचेच्या नळीत रक्त नेलं, सांजच्याले म्हने सध्या ठीक हाय. मी ठीक तेवढं आयकलं, सध्या काई आयकलं नाई.

दुसऱ्या दिवशी सकायीच बाई पुन्हा सुई घेऊन हाजर. काऊन वो बाई, काल तं चांगलं निंघालं ना? तं म्हने कालचं काल, आज पुन्हा पाहा लागते. पोरगी अशी किंचाळली, बाप्पा, मी त्या बाईले नाई नाई त्या शिव्या देल्ल्या. ती रक्त घेऊन गेली तशी मी अन् सासू लेकरू लुगड्यात गुंडाळून निंघालो, ते सरळ यष्टी स्टॅन्डवर.

बस लागलीच होती. पाहतो तं सिस्टरबाई पयत येऊन राह्यली. उन्हात लेकराच्या नाकावर बोट दाबलं अन् उचललं. काय सांगू तुमाले, बोटाखालून तोच रंग निंघाला, गेलेल्या पोराचा. बाई म्हने कालच्यापेक्षा लय चढली कावीय, चाल माघारी.

डाक्टर म्हने, बाई, तुहं रक्त अन् लेकराचं जुळत नाई, पोटात असतानी तुह्याच रक्तानं तिचं रक्त मारलं, मागच्या पोराचं बी तसंच झालं असन. माहंच? दोन वर्षं दुसरीले बोल लावला अन् आतून म्यांच, असं कसं हो?

भावाचं रक्त जुळलं. पोरीचं जुनं काढत अन् त्याचं घालत राह्यले दुपारपर्यंत. मंग घडी घडी टाच टोचे बाई, अन् मीच पोरीचा पाय धरू. पाचव्या दिवशी उतरली कावीय.

घरी आल्यावर शेजारनीकडे गेली, पानी मागतलं. तिनं काई न इचारता देलं.

पोरगी मेहकरले मास्तरीन हाय आता. सिस्टरबाईचं नाव बी म्यां इचारलं नाई, शिव्या तेवढ्या देल्ल्या भरभरून. कुठं असन तिथं सुखी राहो मायबाई.