पुसलेल्या फुल्या

दवाखान्याच्या रांगेत पुढच्या दोघी म्हाताऱ्या बोलायला लागल्या, तशा शिंपीणबाई कान देऊन ऐकू लागल्या.

"साथीत नर्सबाई पाहून झालेल्या घरावर खडूने फुली मारायच्या. माझ्याही दारावर मारली."

"म्हणजे तुला तपासलं?"

"कुठलं गं! मी आत तापाने निपचित. घर रिकामं समजून त्या पुढे गेल्या."

"अगं बाई! मग?"

"मदतीला आलेल्या जवानांना गल्ली धुवायला सांगितली, तर त्यांनी दारंसुद्धा घासली. सगळ्या फुल्या साफ!"

"नर्सबाई भडकल्या असतील."

"भडकल्या म्हणजे! पण करणार काय? जवानांना घेऊन पुन्हा पहिल्या घरापासून. या खेपेला एकाने माझं दार ढकललं आणि मला पाठुंगळी घेऊन इथे आणलं."

"देवासारखा धावला गं."

"वर मलाच म्हणतो, 'आजी, चुकून दारं धुतली, फार ओरडा बसला.' म्हटलं, 'लेका, शंभर वर्षं जग आणि अशाच चुका कर!'"