तळहातातला गळ

१९८८ चा मे महिना. कसालच्या स्टँडवर, माझ्या मागच्या बाकावर, मुंबईहून परतलेलं एक मासेमार जोडपं मालवणच्या गाडीची वाट बघत होतं.

"सोनोग्राफीत तुमच्या लिवरात डाग दिसलो, पण कसलो ता कळूक नाय. म्हणान तर त्या चुंबकाच्या मशिनीत जावचा होता."

"माका ठावक आसा गो."

"त्येच्यात दोन तऱ्हेचे फोटो काढतत. एकात डाग काळोच दिसता. दुसऱ्यात लख्ख पांढरो इलो तर नुसती रक्ताची गाठ, भिया नाय. कमी पांढरो इलो तर वायट."

"पण अंगात लोखंड चलणा नाय. बावीस वर्षां हो गळ तुटान तळहातात रवलोहा. तसा सांगलंय म्हणान त्येंनी परत धाडल्यानी. लपवूचो होतो काय?"

"लपवू नकात. कुडाळाक कापून काढूया, आणि परत जावया."

"नको."

"वादळात होडी घालतास, आणि सुरयेक भितास?"

"सुरयेक नाय. गळ आसा तवसर ती मशीन माका आत घेवची नाय."

"आणि डाग कसलो ता कळाचा नाय."

"होय. गळ दुखणा नाय, डाग पण दुखणा नाय. दोनय रवांदेत."

"तुमका दुखणा नाय. झोप माझी गेलीहा."