काकांनी बदललेलं दार

जबाब देणार: सगळे मला छोटी म्हणतात. वय २३, काम कॉम्प्युटर सपोर्ट, राहणार ताईकडे, पाण्याच्या टाकीमागे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी स्कॅन सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळते. हे काम मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे आमचे सिस्टिमवाले, जे आत्ता चौकीच्या बाहेर बाकावर बसलेत. सख्खे नाहीत.

डॉक्टर घरून लॉगिन करून स्कॅन बघतात. ते लॉगिन बावीस नंबरच्या पोर्टवर चालायचं. पोर्टला काका दार म्हणतात. बावीस सगळ्या जगाला माहीत, त्यामुळे बाहेरून कोणी ना कोणी सारखं पासवर्ड लावून बघायचं. नंबर बदला, असं मालकांनीच सांगितलं. काकांनी काल सेटिंगमध्ये नवा नंबर टाकला. प्रोग्राम बंद-चालू केल्यावरच तो लागू होतो, पण डॉक्टरांचं काम चालू होतं म्हणून लगेच केला नाही. काल काकांचा शेवटचा दिवस होता. मालकांनी त्यांना काढलंय. जाताना ते म्हणाले, "दार बदललंय. आता बघू कोण शिरतं ते." ते चोरांबद्दल होतं. मी तिथेच होते.

आज सकाळी लाइट जाऊन आली, सर्व्हर परत सुरू झाला आणि कोणालाच लॉगिन होईना. काकांनी सूड म्हणून कुलूप घातलं, अशी मालकांनी तक्रार दिली. हवालदारांनी येऊन पुढच्या दाराचं कुलूप तपासलं. ते ठीक होतं.

मी सर्व्हरला स्क्रीन जोडून लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, वाचला. लॉगिनचा प्रोग्राम नव्या पोर्टवर बसायला गेला, तर 'परवानगी नाही'. बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी फायरवॉल बघितली, तिचा दोष नव्हता. सिस्टिमच्या आत अजून एक वॉचमन असतो. कुठल्या प्रोग्रामने कुठे बसायचं ते तो ठरवतो. लॉगिनला फक्त बावीस. तो ॲडमिनलाही जुमानत नाही, हे मला जाम भारी वाटतं, पण जबाब घेणारे साहेब म्हणाले, मुद्द्याचं बोला.

मालक म्हणाले, "त्याला बंदच कर ना." मी म्हटलं, "चोरांसाठी दार बदललं आणि वॉचमनला घरी पाठवू?" मी नवा नंबर त्याच्या यादीत घातला. प्रोग्राम सुरू झाला. स्कॅन सगळे जागेवर आहेत, पासवर्ड जुनेच आहेत.

इतका अनुभवी माणूस वॉचमनला सांगायला विसरला कसा, असं साहेबांनी विचारलं. शेवटचा दिवस होता, असं मी सांगितलं.

हे सगळं मला वाचून दाखवलं. मध्येच काका आत डोकावले. "छोटे, वॉचमनला सांगितलंस ना?" मी हो म्हटलं. "मग मी जाऊ का, साहेब?"

साहेब म्हणाले, दार उघडंच आहे.

मी बोलले तसंच उतरलंय, म्हणून खाली सही करते.