वऱ्हाडाने ढकललेली गाडी

अरे, कोसंब्याहून जंगलाकडे जाणारी ती नॅरोगेजची छोटी गाडी आठवते? ब्याण्णव साली सुरतहून निघालेलं माझं वऱ्हाड तिच्यातच बसलं होतं!

चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ड्रायव्हर ओरडला, "बद्धा उतरो, धक्को मारो!" बायकापोरांसकट सगळे उतरले. मीही उठलो, तर आई कडाडली, "तू बस! हळदीच्या अंगानं खाली पाय ठेवायचा नाही."

सगळ्यांनी असा जोर लावला की गाडी सुटलीच! थांबवली तर परत मागे घसरेल, म्हणून ड्रायव्हर थांबेना. थेट स्टेशनातच!

सासरे हार घेऊन उभे. डबे रिकामे बघून घाबरलेच. "जावईबापू, वऱ्हाड कुठंय?"

म्हटलं, "येतंय ना, मामा. अजून ढकलतंय!"